दीड इंच नळीची किंमत

१९५८ साली शिकागोतल्या एच. एच. हॅरिस या घाऊक विक्रेत्याने स्मिथ अँड वेसन कंपनीकडे एक वेगळी मागणी नोंदवली. कंपनीचं .४४ मॅग्नम काडतुसाचं दणकट रिव्हॉल्वर, म्हणजेच ‘मॉडेल २९’, तेव्हा प्रामुख्याने चार किंवा साडेसहा इंच नळीत मिळत असे. हॅरिसला ते पाच इंची नळीत हवं होतं. कंपनीने त्याला तशी सुमारे पाचशे रिव्हॉल्वरं करून दिली. आज अमेरिकेतल्या संग्राहकांच्या बाजारात या पाच इंची मॉडेल २९ ला साडेसहा इंचीपेक्षा बराच चढा भाव मिळतो. आणि गोम नेमकी इथेच आहे. साडेसहा इंची नळी दीड इंच कापायची, तोंड साफ करायचं, नेम धरायची माशी नव्याने बसवायची, की पाच इंची नळी तयार. लेथवर हात बसलेल्या माणसाला हे काम अवघड नाही.

पाच इंची नळी दुर्मीळ आहे हे खरंच. पण हातातलं रिव्हॉल्वर त्या पाचशेपैकी आहे की कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये तसं झालंय, हे ठरत नाही तोवर त्या दुर्मीळपणाला दुकानात मोल नाही. उलट कापलेल्या नळीचं निघालं, तर त्याची किंमत साध्या साडेसहा इंचीच्याही खाली जाते, कारण ते आता मूळ रूपात राहिलेलं नसतं. एकच वैशिष्ट्य किमतीला वर नेतं किंवा खाली आपटतं. फरक असतो तो फक्त ते कुणाच्या हातून घडलं, याचा.

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या वाचकांना हा मामला थोडा ओळखीचा वाटेल. १८५४ साली कलकत्त्यात छापलेल्या चार आण्यांच्या तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचं डोकं काही प्रतींत उलटं छापलं गेलं आणि ती चूक जगभरच्या संग्राहकांच्या स्वप्नातली वस्तू बनली. पण तिकीट एकदा छापखान्याबाहेर पडलं की त्यातली चूक घरी बसून करता येणं फार कठीण. रिव्हॉल्वरचं तसं नाही. ते पोलादाचं यंत्र आहे. त्याचे भाग सुटे होतात, बदलता येतात, घासता येतात, त्यांच्यावर नवा मुलामा चढवता येतो. शंभर वर्षांत ते पाच-सहा मालकांच्या हातून गेलेलं असतं आणि त्यातल्या प्रत्येकाकडे स्क्रूड्रायव्हर असतो. त्यामुळे तिकिटाच्या जगातला ‘चूक म्हणजे पैसा’ हा हिशेब इथे जसाच्या तसा लावणारा हमखास फसतो.

मग कारखान्यात वेगळेपण येतं कुठून? बऱ्याचदा अगदी साध्या कारणाने: कारखाना माल वाया घालवत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात स्मिथ अँड वेसनने शंभराहून अधिक वर्षं रिव्हॉल्वरं बनवली. रचनेत बदल झाला म्हणून आधी तयार झालेले सुटे भाग भंगारात गेले, असं तिथे सहसा घडलं नाही. जुने भाग संपेपर्यंत नव्या फ्रेमवर बसत राहिले. त्यात भर म्हणजे क्रमांक आधीच ठोकलेल्या फ्रेम साठवणीत पडून राहत आणि जुळणीसाठी त्या क्रमाने उचलल्या जात नसत. मागाहून ठेवलेली आधी बाहेर येई, तळाशी गेलेली कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं तिथेच राही. त्यामुळे या कंपनीच्या मालात मोठा क्रमांक म्हणजे उशिरा बाहेर पडलेलं रिव्हॉल्वर, असं गृहीत धरता येत नाही. क्रमांकावरून तारखेचा अंदाज बांधायचा आणि त्या तारखेला न शोभणारा भाग दिसला की ‘दुर्मीळ’ म्हणून उडी मारायची, ही नवख्या माणसाची सर्वांत सामान्य घाई.

अशा संक्रमणकाळातल्या रिव्हॉल्वरांना संग्राहकांमध्ये मान असतो, पैसा मात्र बेताचा. एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. १९८२ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने मॅग्नम रिव्हॉल्वरांच्या दोन जुन्या गोष्टी सोडल्या. एक, नळी फ्रेममध्ये घट्ट राहावी म्हणून आडवी ठोकलेली बारीक पिन. दुसरी, काडतुसाची कड सिलिंडरमध्ये बुडून राहावी म्हणून काडतूस बसतं त्या कोठ्याच्या तोंडाशी कोरलेली खाच. या दोन्ही असलेल्या रिव्हॉल्वरांना आज पसंती आहे. बदलाच्या त्या काळात यातलं एकच असलेली काही रिव्हॉल्वरं बाहेर पडली. अभ्यासकाला ती मोलाची वाटतात, कारण कारखान्यातला बदल एका दिवसात होत नसतो हे त्यांत डोळ्यांनी दिसतं. पण लिलावात त्यांच्यासाठी दोन माणसं एकमेकांवर चढाओढीने बोली लावतील, असं क्वचितच घडतं. संख्येने थोडं असणं वेगळं आणि त्यासाठी माणसं वाट पाहत असणं वेगळं.

स्मिथ अँड वेसनच्याच दुसऱ्या महायुद्धातल्या ‘व्हिक्टरी मॉडेल’ची गोष्ट याहून बोलकी आहे. क्रमांकाआधी ‘व्ही’ अक्षर असलेली ही .३८ ची रिव्हॉल्वरं अमेरिकी नौदलाला मोठ्या प्रमाणात दिली गेली. १९४४ च्या अखेरीस जहाजाच्या पोलादी डेकवर एक रिव्हॉल्वर पडून गोळी सुटली आणि एका खलाशाचा जीव गेला. कंपनीने तातडीने आतली सुरक्षापट्टी नव्याने आखली. चाप पूर्ण ओढल्याखेरीज घोडा काडतुसापर्यंत पोहोचूच नये, अशी ती रचना. तेव्हापासून क्रमांकाआधी ‘एस’ हे अक्षरही आलं. आधी बनलेली काही रिव्हॉल्वरं परत येऊन त्यांत नवी पट्टी बसवली गेली आणि त्यांच्यावर ‘एस’ नंतर वेगळा ठोकला. बारकाईने पाहिलं की त्या अक्षराची जागा, खोली, तिरकेपणा सगळं निराळं दिसतं. अनभिज्ञ माणूस म्हणेल, कुणीतरी क्रमांकात लुडबूड केलीय. माहीतगाराला ठाऊक असतं की ही लुडबूड खुद्द कारखान्याचीच आहे आणि तिच्यामागे एका माणसाचा मृत्यू आहे.

याच व्हिक्टरी मॉडेलचं पाच इंची नळीचं भावंड ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांकडे गेलं. ते .३८/२०० या ब्रिटिश काडतुसासाठी होतं. अमेरिकेच्या .३८ स्पेशल काडतुसापेक्षा हे आखूड आणि किंचित जाड. युद्धानंतर ही रिव्हॉल्वरं अमेरिकेच्या बाजारात परतताना कित्येकांची नळी कापून छोटी केली होती आणि कोठे खोल करून .३८ स्पेशलसाठी वापरण्याजोगे केले होते. लंडनची कॉग्सवेल अँड हॅरिसन आणि बर्मिंगहॅमची पार्कर-हेल यांसारख्या कंपन्यांनीही हे काम केलं. अशा रिव्हॉल्वरात .३८ स्पेशल उडवलं की रिकामी पुंगळी बुडाशी फुगून बाहेर येते, कारण तिथला कोठा मुळात तिच्यासाठी रुंद आहे. म्हणजे दोन इंची नळीचं, चकचकीत मुलामा दिलेलं, ‘वेगळं’ व्हिक्टरी मॉडेल कुणी मोठ्या आशेने दाखवलं, तर आधी सिलिंडरमागून कोठ्यात डोकावलेलं बरं. बाजारात अशी रिव्हॉल्वरं वापरायच्या वस्तू म्हणून स्वस्तात जातात.

कारखान्याचं की बाहेरचं, हे ठरवण्याचा पहिला मार्ग कागदाचा आहे. कोल्ट कंपनीचा अभिलेख विभाग आणि स्मिथ अँड वेसनच्या इतिहासाचं काम पाहणारं प्रतिष्ठान, दोघेही शुल्क घेऊन एखाद्या क्रमांकाची नोंद शोधून देतात. संग्राहकांच्या तोंडी त्याला नुसतं ‘लेटर’ म्हणतात. स्मिथ अँड वेसनची पत्रं पूर्वी अनेक दशकं कंपनीचे इतिहासकार रॉय जिंक्स यांच्या सहीने निघत. पत्रात साधारणपणे ते रिव्हॉल्वर कोणत्या दिवशी, कुणाकडे रवाना झालं, नळी किती लांब, मुलामा कोणता, मूठ कशाची, हे येतं. नळी ‘५ इंच’ असं तिथे लिहिलेलं असलं की भाव पक्का. ‘६½ इंच’ असेल तर प्रश्नच संपला.

पण सगळ्या नोंदी शिल्लक नाहीत, आणि आहेत त्याही सारख्या तपशिलाच्या नाहीत. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्ड इथल्या कोल्टच्या कारखान्याला भीषण आग लागली आणि कंपनीची सुरुवातीची बरीच कागदपत्रं जळून गेली. त्याआधीच्या कोल्टबद्दल कंपनीकडून उत्तर मिळण्याची शक्यता म्हणूनच कमी. काही वर्षांच्या वह्यांत नळीच्या लांबीचा रकाना रिकामा आहे. अशा वेळी पत्रात ती गोष्ट नोंदलेली नाही एवढंच येतं. विकणारा याचा अर्थ ‘कंपनीने नाकारलं नाही’ असा लावतो, घेणारा ‘कंपनीने मान्य केलं नाही’ असा. दोघांच्या मधोमध किंमत कुठेतरी स्थिरावते.

आणखी एक गोष्ट या पत्रांबद्दल मनात पक्की ठेवावी लागते. पत्र एका क्रमांकाबद्दल बोलतं, टेबलावर ठेवलेल्या लोखंडाबद्दल नाही. एखाद्या क्रमांकाचं रिव्हॉल्वर दुर्मीळ लांबीत रवाना झालं होतं हे कुणाला कळलं, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगावरचा क्रमांक घासून त्या जागी तो ठोकण्याचा मोह होतो. म्हणून कागद वाचून झाल्यावर वस्तू वाचायची असते.

स्मिथ अँड वेसनचं जुनं रिव्हॉल्वर वाचायचं कसं, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. जाणकार माणूस आधी मुठीचे लाकडी फाळके काढतो, तेही खाचेत नेमक्या बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने. मुठीच्या बुडाशी मुख्य क्रमांक असतो. तोच क्रमांक सिलिंडरच्या मागच्या बाजूला, नळीच्या खालच्या सपाट पट्टीवर आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या पाठीवर मिळायला हवा. उजव्या फाळक्याच्या आतल्या अंगालाही तो असतो, कधी ठोकलेला, कधी पेन्सिलीने लिहिलेला. लाकूड जुनं असेल तर पेन्सिलीचा आकडा दिसण्यासाठी ते खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात धरावं लागतं. नळीचा क्रमांक जुळला, तर नळी दुसऱ्या रिव्हॉल्वरची नाही हे कळतं. पण ती कापलेली नाही, हे त्याने सिद्ध होत नाही, कारण क्रमांक नळीच्या मागच्या भागात असतो आणि कापतात ते पुढचं टोक.

फाळक्यांखाली, फ्रेमच्या पट्टीवर आणखीही काही सापडतं. क्रमांकाशेजारी छोटा तारा असेल, तर रिव्हॉल्वर दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेलं होतं. कधी महिना आणि वर्षाचे बारीक आकडे असतात. ते त्या दुरुस्तीची तारीख सांगतात. नव्याने निळा मुलामा चढवून आलेलं रिव्हॉल्वर दिसायला नव्यासारखं असतं, पण मूळ मुलामा गेल्यामुळे संग्राहक त्याला कमी मोजतात. काम कारखान्याने केलंय हे ताऱ्याने सिद्ध झालं, तर नुकसान थोडं कमी. बाहेरच्या कारागिराने केलं असेल, तर जास्त. धारदार कडा गोल झाल्या आहेत का, कंपनीचं चिन्ह पुसट झालंय का, स्क्रूच्या भोकांच्या कडा पॉलिशिंगच्या चाकाने खोलगट झाल्या आहेत का, हे बोटाच्या टोकाने जेवढं कळतं तेवढं डोळ्यांनी कळत नाही.

निकेल चढवलेल्या रिव्हॉल्वरांची एक खूण तर अगदी पहिल्या नजरेत दिसते, आणि ती माहीत नसल्याने कित्येकांनी पैसे घालवले आहेत. स्मिथ अँड वेसन निकेलचं रिव्हॉल्वर पाठवताना घोडा आणि चाप यांवर निकेल चढवत नसे. ते भाग ताव देऊन कडक केलेले, करड्या-तपकिरी ढगाळ रंगाचे असत. घोडा आणि चापही आरशासारखे चमकत असतील, तर तो मुलामा बहुधा नंतर कुणीतरी बाहेर करून घेतलाय. हा फरक किमतीत किती मोठा ठरतो, याचं उदाहरण म्हणजे मॉडेल २८. १९५४ साली ‘हायवे पॅट्रोलमन’ या नावाने आलेलं हे रिव्हॉल्वर पोलिसांना परवडावं म्हणून मुद्दाम कमी पॉलिश केलेलं, मंद निळ्या झिलईचं होतं. कारखान्यातून निकेलमध्ये बाहेर पडलेलं मॉडेल २८ विरळा आहे आणि त्याला चढा भाव आहे. गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून निकेल करून घेतलेली मॉडेल २८ मात्र मुबलक आहेत.

कोल्टच्या बाबतीत डोळे दुसरीकडे वळवावे लागतात. १८७३ चं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’, वेस्टर्न सिनेमांतून जगाला ठाऊक झालेलं रिव्हॉल्वर, मुख्यतः पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच नळीत मिळे. नळीच्या पाठीवर कंपनीचा पत्ता कोरलेला असतो. पावणेपाच इंचीवर जागा कमी, म्हणून तो दोन ओळींत. लांब नळीवर एका ओळीत. पावणेपाच इंची म्हणून पुढे केलेल्या रिव्हॉल्वरावर एका ओळीतला पत्ता दिसला आणि तो माशीच्या बाजूला सरकलेला वाटला, तर ती नळी मूळची साडेसात इंची असण्याची दाट शंका घ्यावी.

तरीही कापलेली नळी म्हणजे नेहमी नुकसानच, असं मानलं तर आणखी एक चूक होते. अमेरिकी घोडदळासाठी सरकारने ही कोल्ट रिव्हॉल्वरं साडेसात इंची नळीत घेतली होती. १८९५ ते १९०३ या काळात त्यांतली हजारो परत बोलावून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या गेल्या. काम आधी सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरीत झालं, पुढे कोल्टच्या कारखान्यात. मोठ्या प्रमाणावर काम चाललेलं असताना नळी, फ्रेम, चापाची कमान, मुठीची पट्टी हे भाग एकमेकांत मिसळले. परिणामी एका रिव्हॉल्वरवर तीन-चार वेगवेगळे क्रमांक दिसतात. इतर कोणत्याही कोल्टवर असे विजोड क्रमांक म्हणजे भंगारातून जुळवलेली वस्तू, असं समजलं जाईल. इथे तेच खरेपणाचं लक्षण आहे. या रिव्हॉल्वरांना ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात आणि सरकारी तपासनिसांचे ठसे जागच्या जागी असतील, तर संग्राहक त्यांना आनंदाने घेतात. अर्थात बदल न झालेलं, सगळे क्रमांक जुळणारं घोडदळाचं साडेसात इंची रिव्हॉल्वर त्याहून कितीतरी महाग आहे. म्हणूनच आर्टिलरीला लांब नळी लावून ‘घोडदळाचं’ बनवण्याचे उद्योग चालतात. तपासनीस ऑरव्हिल एन्सवर्थच्या आद्याक्षरांचा ठसाही खोटा मारला जातो. जॉन कोपेक यांच्यासारख्या अभ्यासकांनी सरकारी कोल्टच्या अभ्यासावर आयुष्यातली वर्षं खर्ची घातली, त्यामागे ही गरज आहे. त्यांचं आणि रॉन ग्रॅहम, सी. केनेथ मूर यांचं १९७६ चं पुस्तक आजही या क्षेत्रात हाताशी ठेवलं जातं.

कारखान्यातल्या एकाच माणसाच्या हातून झालेल्या बदलांचं उदाहरण म्हणजे ‘फिट्झ स्पेशल’. जे. हेन्री फिट्झगेराल्ड हा कोल्टमध्ये काम करणारा, नेमबाजीत मुरलेला माणूस. १९२० आणि १९३० च्या दशकांत त्याने काही कोल्ट रिव्हॉल्वरांवर आपल्या मताप्रमाणे फेरफार केले. चापाच्या कमानीचा पुढचा भाग कापून टाकला, म्हणजे बोट पटकन चापावर जावं. घोड्याचा वर आलेला काटा छाटला, म्हणजे खिशातून काढताना अडकू नये. नळी दोन इंचांची, मूठ गोलसर. सुरक्षेच्या दृष्टीने उघडी कमान ही धोकादायकच म्हणायला हवी, आणि दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने चांगलं रिव्हॉल्वर वाया घालवलं, असंच म्हटलं गेलं असतं. पण फिट्झगेराल्डच्या हातचं, कोल्टच्या नोंदीत त्याच्याशी संबंध दिसणारं रिव्हॉल्वर आज संग्राहकांच्या जगात मोठी वस्तू आहे. करवत आणि कानस घेऊन कुणीही नकली फिट्झ तयार करू शकतो. म्हणून कागदाविना आलेल्या फिट्झला बाजार साधारणपणे एक बिघडवलेलं कोल्ट मानूनच भाव देतो. अशा वस्तूच्या मालकाला हे कठोर वाटतं, पण बाजाराची ही सावधगिरी रास्त आहे.

याउलट, वेगळेपण हाच ज्याचा नियम होता असंही एक रिव्हॉल्वर होऊन गेलं. १९३५ साली स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम हे नवं काडतूस आणि त्यासाठीचं रिव्हॉल्वर आणलं. मंदीचा काळ होता, किंमत साठ डॉलर होती. त्या पैशांत गिऱ्हाइकाला साडेतीन ते पावणेनऊ इंचांपर्यंत हवी ती नळी, पाव-पाव इंचाच्या फरकाने, मागता येई. माशी, मूठ हेही आवडीप्रमाणे. खरेदीनंतर कार्ड भरून पाठवलं की कंपनी त्याच्या नावाने प्रमाणपत्र देई आणि नोंदणीचा वेगळा क्रमांक सिलिंडर बाहेर काढल्यावर दिसणाऱ्या जागी कोरलेला असे. पहिलं रिव्हॉल्वर एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना दिलं गेलं. जनरल पॅटन यांच्या कमरेला दिसणारं हस्तिदंती मुठीचं साडेतीन इंची रिव्हॉल्वरही याच वर्षातलं. १९३९ पर्यंत अशी सुमारे साडेपाच हजार ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ बनली. इथे अनोख्या लांबीची नळी दिसली की जाणकाराला संशय येण्याऐवजी उत्सुकता वाटते, कारण तिचा खरेखोटेपणा तपासायला नोंदी आहेत. मूळ प्रमाणपत्रही सोबत असेल तर किंमत आणखी चढते.

नोंद नसताना नुसत्या आख्यायिकेवर किती भाव चढतो, हे ‘बंटलाइन’च्या कथेतून दिसतं. स्टुअर्ट लेक याने १९३१ साली लिहिलेल्या वायट अर्प या पोलीस अधिकाऱ्याच्या चरित्रात असं सांगितलं की नेड बंटलाइन या लेखकाने १८७६ मध्ये डॉज सिटीच्या काही पोलीस अधिकाऱ्यांना बारा इंच नळीची कोल्ट भेट दिली होती. कोल्टच्या वह्यांत अशी मागणी सापडलेली नाही. पण नियमित लांबीपुढच्या दर इंचाला एक डॉलर जादा घेऊन कोल्ट लांब नळी देत असे, हे मात्र खरं आहे. सोळा इंच नळीची काही कोल्टही बनली. अशी नोंदीतली लांब नळी सापडली तर ती अतिशय मोलाची, तिच्यासोबत कुठल्याही वीराचं नाव नसलं तरी. पुढे १९५७ मध्ये कोल्टने त्या कथेच्याच नावाने बारा इंची रिव्हॉल्वर बाजारात आणलं. ते नंतरचं उत्पादन आहे आणि त्याला १८७६ च्या दंतकथेचा भाव लावणं ही फसवणूक होईल.

माणसाच्या नावाचा मुद्दा निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. ऑगस्ट २०२१ मध्ये बोनॅम्सच्या लिलावात शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्टने बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला मारलं, ते साठ लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेलं. कारखान्याच्या दृष्टीने त्यात काहीच विशेष नव्हतं. साडेसात इंची नळीचं, .४४-४० काडतुसाचं, हजारोंनी बनलेल्या प्रकारातलं ते एक रिव्हॉल्वर. तिथे किंमत इतिहासाची होती. कारखान्यातल्या फरकामुळे मिळणारा वाढीव भाव या आकड्यांच्या जवळपासही जात नाही, आणि विक्रेता हे दोन हिशेब एकत्र करू लागला की खरेदीदाराने सावध व्हावं.

दोष हेच मोल ठरलं, असंही घडलेलं आहे. १९५१ साली अमेरिकी हवाई दलासाठी कोल्टने ‘एअरक्रूमन’ हे अत्यंत हलकं रिव्हॉल्वर बनवलं. नुसती फ्रेमच नाही, सिलिंडरही ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम नेहमीच्या काडतुसाचा दाब सोसू शकत नाही, म्हणून त्यासाठी कमी दाबाची खास काडतुसं काढावी लागली. पुढे हवाई दलाने ही रिव्हॉल्वरं मागे घेऊन नष्ट केली. सुमारे बाराशेपैकी जी वाचली ती आज फार महाग आहेत. ती उडवू नयेत, हे त्यांच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण आवर्जून सांगतो.

कायद्यामुळेही एक फरक तयार होतो, आणि तो वस्तूवर डोळ्यांना दिसतही नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र ‘प्राचीन’ समजलं जातं आणि त्याच्या खरेदी-विक्रीवर केंद्रीय कायद्याची बंधनं बरीच सैल असतात. त्यामुळे एकाच मॉडेलची, एकाच अवस्थेतली दोन रिव्हॉल्वरं शेजारी ठेवली, तरी १८९८ चं १९०० च्यापेक्षा जास्त भावाला जातं. स्मिथ अँड वेसनच्या ‘न्यू मॉडेल नंबर ३’ च्या सगळ्या फ्रेम १८९९ च्या आधी घडवलेल्या होत्या, म्हणून विसाव्या शतकात दुकानात पोहोचलेली रिव्हॉल्वरंही प्राचीनच ठरतात. भारतात असा बाजार उभा राहायला वाव नाही, कारण शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला साधारणपणे दोनच शस्त्रं बाळगता येतात.

या सगळ्यावर अवस्थेची सावली असते. मूळ मुलाम्याचा किती टक्के भाग शिल्लक आहे यावर भाव वर-खाली होतो, आणि वरच्या टोकाला तो फार झपाट्याने बदलतो. पंचाण्णव टक्के मुलामा असलेलं साधं रिव्हॉल्वर कधीकधी गंजलेल्या दुर्मीळ रिव्हॉल्वरापेक्षा महाग जातं. त्यामुळे आजोबांच्या कपाटात काही वेगळं सापडलं, तर पहिला नियम हा की त्याला पॉलिश लावू नये आणि पोलादी ब्रशने घासू नये. वेगळेपण खरं असलं तरी घासण्याच्या पहिल्याच दिवशी त्याचा अर्धा पुरावा निघून जातो. जुनं खोकंही फेकू नये. स्मिथ अँड वेसनच्या खोक्यांच्या तळाशी बहुधा रिव्हॉल्वरचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो जुळला की खोक्यालाही स्वतंत्र किंमत येते.

कुटुंबातल्या तोंडी आठवणींना लिलावात फारसं वजन नसतं. ‘बाबांनी हे असंच घेतलं होतं’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता मनापासून सांगतो आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, पण ते तपासता येत नाही. दुकानाची जुनी पावती, पोलीस खात्याच्या साठ्याची यादी, कारखान्याशी झालेला पत्रव्यवहार यांपैकी एखाद्या कागदावर रिव्हॉल्वरचा क्रमांक असेल, तर तो कागद आठवणीपेक्षा कितीतरी जड ठरतो. म्हणून ज्यांच्या घरात असं काही आहे आणि ते स्वतः विकत घेतलेली व्यक्ती अजून हयात आहे, त्यांनी तिच्याकडून क्रमांकासहित, तारखेसहित, सहीनिशी लेखी निवेदन करून घ्यावं आणि त्याची एक प्रत कंपनीच्या पत्रासोबत ठेवावी.